दुनिया बांधायची कृती

दुनिया हा शब्द उर्दू शिकवणाऱ्या बाईला रोज भेटतो. शेरात, म्हणीत, निबंधात, मुलांच्या तक्रारीत. पण 'दुनिया बांध' असा सरळ हुकूम मी पहिल्यांदा वाचला तो भाच्याच्या संगणकाच्या पडद्यावर. फ्रीबीएसडी नावाची एक संगणकप्रणाली आहे. तिच्यात 'मेक बिल्डवर्ल्ड' असं टाइप करून एंटर दाबलं की संगणक आपलीच प्रणाली मुळापासून पुन्हा बांधायला घेतो. 'वर्ल्ड' म्हणजे कर्नल सोडून बाकीचं सगळं: फायलींची यादी दाखवणारा छोटा प्रोग्राम, हुकूम वाचणारा शेल, सगळ्यांना लागणारी लायब्ररी, इतकंच काय, हे सगळं बांधणारा कंपायलरसुद्धा. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. त्याचा हुकूम वेगळा.

फ्रीबीएसडी १९९३ पासून आहे. तिची वंशावळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठापर्यंत जाते. मूळ संहिता, म्हणजे सोर्स, उघडी आहे. कुणीही वाचावी, बदलावी, स्वतःच्या घरी बांधावी. हा हक्क सगळ्यांना सारखाच दिलेला आहे. पण हक्क बजावायचा कसा, हे 'हँडबुक' नावाच्या पुस्तकात लिहिलंय, आणि ज्याला विचारायला शेजारी कुणी जाणकार नाही त्याच्यासाठी ते पुस्तकच उस्ताद. माझा भाचा अशांपैकी. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, आता तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरचा डिप्लोमा. घरात संगणक समजणारा तोच पहिला. कुणीतरी टाकून दिलेला जुना डेस्कटॉप त्याने घासून-पुसून उभा केलाय. त्याला चौदा पॉइंट एकवरून चौदा पॉइंट दोनवर जायचं होतं, तेही सोर्समधून.

खरं तर याची गरज नव्हती. तयार बांधलेली सुधारणा उतरवून घेणारा 'फ्रीबीएसडी-अपडेट' नावाचा हुकूम आहे आणि बहुतेकांचं काम त्यावर भागतं. पण त्याला बघायचं होतं. बघायचं असणं हे शिक्षिकेला पुरेसं कारण वाटतं. इंग्रजी अडली की तो माझ्याकडे येतो, तसा आला. मला संगणकातलं कळतं ते गुण भरण्यापुरतं. धडा कसा लिहिलाय हे मात्र वीस वर्षांच्या नोकरीनंतर थोडंफार कळतं.

आधी हँडबुकच्या बाजूने बोलते, कारण पुस्तक वाईट नाही. क्रम स्पष्ट दिलाय. सोर्स ताजा करा, 'अपडेटिंग' नावाची फाइल वाचा, वर्ल्ड बांधा, कर्नल बांधून बसवा, संगणक पुन्हा सुरू करा, मग वर्ल्ड बसवा, 'एटसीअपडेट'ने सेटिंगच्या फायली जुळवा, पुन्हा सुरू करा. जवळ थोडक्यात स्पष्टीकरणही आहे. क्रमामागे शहाणपण आहे. वर्ल्ड आधी बांधायचं, कारण कर्नल त्यातल्या नव्या कंपायलरने बांधला जातो. बसवताना मात्र कर्नल आधी, कारण जुने प्रोग्राम नव्या कर्नलवर चालतात, पण नवे प्रोग्राम जुन्या कर्नलकडे अशी काही सेवा मागू शकतात जी त्याला ठाऊकच नाही. नवा कर्नल उठलाच नाही तर जुना 'कर्नल डॉट ओल्ड' नावाने जपून ठेवलेला असतो आणि सुरुवातीच्या मेनूतून तो निवडता येतो. हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "खाला, मतलब घर बदलने के पहले पुराने घर की चाबी रखना." मी ते वहीत लिहून ठेवलं.

मग अडलं कुठे? बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला कुठलाही प्रयोग आठवा. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. मराठीत असो की उर्दूत, हा सांगाडा मुलांना पाठ असतो. बांधणीच्या या पानांवर कृती उत्तम आहे. साहित्य थोडं आहे. निरीक्षण मात्र जवळजवळ नाही. हा हुकूम दिल्यावर पडद्यावर काय दिसलं पाहिजे? बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं? चुकलं तर नजर कुठे टाकायची? लिहिणाऱ्याने हे शंभरदा पाहिलेलं असतं, म्हणून त्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही. वर्गातही असंच होतं. फळ्यावर गणित सोडवताना 'हातचा' तोंडाने बोलतो आणि लिहायचा राहतो.

पहिलंच उदाहरण घ्या. हँडबुकमध्ये हुकुमाच्या आधी हॅशची खूण असते. तिचा अर्थ, हा हुकूम रूट म्हणून द्या. साध्या वापरकर्त्यासाठी टक्क्याची खूण. हे संकेत पुस्तकाच्या प्रस्तावनेत समजावलेत, पण बांधणीच्या प्रकरणावर थेट येणारा मुलगा प्रस्तावना कशाला उघडेल? त्याने खुणेसकट हुकूम टाइप केला. चौदाव्या आवृत्तीपासून रूटचा शेल 'एसएच' आहे, आणि त्याच्या लेखी हॅशनंतरचं सगळं म्हणजे टीप. टीप तो वाचत नाही. चूक दाखवली नाही, काम केलं नाही, शांतपणे पुढची ओळ दिली. "खाला, कुछ बी नै हुआ." मशीन रागावलं असतं तर बरं झालं असतं. गप्प बसणारा मास्तर सगळ्यात अवघड. आमची पहिली दुरुस्ती इथेच: प्रकरणाच्या तोंडाशी एकच वाक्य, की ओळीच्या सुरुवातीची खूण टाइप करू नका, ती फक्त तुम्ही कोण म्हणून बसला आहात ते सांगते.

दुसरी दुरुस्ती निरीक्षणाची. मगरिबनंतर लावलेलं बिल्डवर्ल्ड आमच्या त्या मशीनवर फजरच्या सुमारास संपलं. सगळ्यात जास्त वेळ कंपायलर खातो. रात्रभर हजारो ओळी सरकत राहतात, त्यात सूचनाही दिसतात आणि मुलाचा जीव वरखाली होतो. शेवटी तीन बाण येतात आणि 'वर्ल्ड बिल्ड कम्प्लीटेड' असं तारखेसह लिहून येतं. ही ओळ आली तर झालं. आली नाही आणि 'एरर कोड' दिसला तर झालं नाही. इतकं लिहायला दोन ओळी पुरतात. त्यात एक मेख आहे, तीही लिहायला हवी. हुकुमात 'जे चार' घातलं की चार कामं एकाच वेळी चालतात. एक पडलं तरी बाकीची थोडा वेळ बोलत राहतात. त्यामुळे खरी चूक शेवटच्या ओळीत सापडत नाही, बरीच वर असते. शेवटची ओळ वाचून हताश होणाऱ्याला 'वर जा, पहिली चूक शोध' असं कुणीतरी सांगायला हवं.

तिसरं निरीक्षण मला सगळ्यात आवडलं. 'युनेम' या हुकुमाला मोठा के जोडला की कर्नलचा क्रमांक दिसतो, मोठा यू जोडला की वर्ल्डचा. सात आकडी क्रमांक. नवा कर्नल बसवून संगणक उठला तेव्हा एकीकडे १४०२००० होते आणि दुसरीकडे अजून १४०१०००. म्हणजे आपण नदीच्या मधोमध आहोत, आणि हे असंच असायला हवं. वर्ल्ड बसवल्यावर दोन्ही आकडे एक झाले. 'आता तुम्हाला हे दिसेल' असं एक वाक्य त्या जागी असतं तर त्या मुलाचा मधला अर्धा तास भीतीत गेला नसता.

आता विजेचं. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि रात्रभराचं काम म्हटलं की बहिणीचा पहिला प्रश्न तोच. उत्तर आहे, आणि ते क्रमातच दडलेलं आहे. बांधणं आणि बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधलेलं सगळं ऑब्जेक्टच्या वेगळ्या फोल्डरात साठतं, चालू प्रणालीला हातही लागत नाही. तेव्हा वीज गेली तर वेळ गेला, बाकी काही नाही, पुन्हा लावायचं. वर्ल्ड बसवण्याची मिनिटं मात्र जपायची, कारण तेव्हा चालू प्रोग्रामच्या जागी नवे ठेवले जात असतात. म्हणून इन्व्हर्टर असेल तर तो रात्रीसाठी नको, त्या मिनिटांसाठी हवा. लिहिणारे बहुधा अशा ठिकाणी बसतात जिथे हा प्रश्न पडत नाही. त्यांचा दोष नाही. पण तो आम्ही विचारल्याशिवाय कागदावर येणार तरी कसा?

आणखी एक गुंता आहे. हाच क्रम हँडबुकमध्ये आहे, 'अपडेटिंग' फाइलच्या शेवटी आहे, सोर्समधल्या 'मेकफाइल'च्या टिपांत आहे, आणि 'बिल्ड'च्या मॅन्युअल पानावरही त्यातलं बरंच आहे. एकाच धड्याची चार पुस्तकं. कुठे एक पायरी जास्त, कुठे शब्द वेगळा, आणि नवख्याला चारही सारखीच अधिकृत. मला वाटतं क्रम एका ठिकाणी पूर्ण असावा आणि बाकीच्यांनी तिकडे बोट दाखवावं. एका जागी हे फार छान केलंय. पूर्वी नुसतं 'मेक वर्ल्ड' म्हणायची पद्धत होती. आता तसं म्हटलं तर मशीन नकार देतं: असं केल्यास नव्या कर्नलशिवाय तुमची प्रणाली बदलली जाईल, ते धोक्याचं आहे, आधी हँडबुक वाचा. चुकीच्या दारात उभं राहून योग्य दार दाखवणारा हा निरोप मला उत्तम अध्यापन वाटतो.

यावर एक जुना आक्षेप आहे. ज्याला एवढंही कळत नाही त्याने सोर्सच्या वाटेला जाऊच नये. अर्धा आक्षेप मला मान्य आहे. ज्याला गरज नाही त्याला पहिल्याच परिच्छेदात आदराने परत पाठवावं, ते त्याच्या भल्याचं आहे. पण उरलेला अर्धा मी स्टाफरूममध्ये फार ऐकलाय, उर्दू माध्यमाच्या मुलांनी विज्ञान शाखा घ्यावी की नाही या चर्चेत. तिथेही 'कळत नाही' म्हणजे बहुतेक वेळा 'सांगितलं नाही' असंच निघतं.

भाच्याच्या दोन मित्रांसाठी मी ही कृती उर्दूतही उतरवली. तिथे वेगळीच गंमत. उर्दू उजवीकडून डावीकडे, हुकूम डावीकडून उजवीकडे. वाक्याच्या मधे फाइलचा पत्ता आला की त्याच्या सुरुवातीची तिरपी रेघ उडी मारून दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. वाचणारा ती तशीच टाइप करतो आणि अडतो. उपाय साधा आहे: हुकूम आणि पत्ते उर्दू वाक्यात मिसळायचे नाहीत, प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्यायची. मी त्याही पुढे जाऊन प्रत्येक हुकुमाखाली 'काय दिसेल' असा वेगळा रकाना आखला.

इंग्रजी दुरुस्त्या आता प्रकल्पाकडे पाठवायच्या आहेत. २०२१ पासून ही कागदपत्रं आस्कीडॉक नावाच्या साध्या लिपीबंधात आहेत, त्यामुळे खुणांच्या जंगलात शिरावं लागत नाही. त्यांचा एक नियम आहे: दर वाक्य नव्या ओळीवर. म्हणजे एक वाक्य बदललं तर तपासणाऱ्याला तेवढंच दिसतं. असा नियम निबंधाच्या वह्यांना लावता आला असता तर माझे किती रविवार वाचले असते.

चार दुरुस्त्या लिहून झाल्यात. पाचवीवर मावशी-भाच्याचं एकमत होत नाहीये. वर्ल्ड बसवण्याआधी एकट्या-वापरकर्त्याच्या अवस्थेत संगणक उठवतात. तिथे तो विचारतो, की शेलचा पूर्ण पत्ता 'एंटर' करा, नाहीतर 'रिटर्न'. इथे 'एंटर' म्हणजे कळ नव्हे, 'लिहा' हे क्रियापद. आणि ज्या कळीला तो 'रिटर्न' म्हणतो तिच्यावर भाच्याच्या कीबोर्डवर 'एंटर' छापलंय. मी म्हणते हे सगळं समजावून सांगू. तो म्हणतो, "खाला, बस इत्ता लिखो, कुछ बी टाइप मत करो, बडा बटन दबाओ." बहुधा त्याचंच वाक्य जाईल.