टे नदीकाठचे डंकेल्ड

स्कॉटलंडमधील पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारे पंधरा मैलांवर, जेथे सपाटी संपून डोंगराळ मुलूख सुरू होतो, तेथे टे नदीच्या काठी डंकेल्ड वसले आहे. पलीकडच्या काठावरील बर्नम हे जुळे गाव जमेस धरले तरी वस्ती दोन हजारांच्या आतच राहते. एक मुख्य रस्ता, एक चौक, चौकात १८६६ साली उभारलेले कारंजे आणि चौकातून नदीकडे जाणाऱ्या गल्लीच्या टोकाशी एक कॅथीड्रल, एवढाच गावाचा विस्तार. आपल्याकडील तालुक्याचे गावही याहून मोठे असते. तरीही या गावाचे नाव स्कॉटलंडच्या इतिहासात अगदी पहिल्या पानांपासून येते.

कॅथीड्रल म्हणजे बिशपचे पीठ असलेले चर्च. संत कोलंबा यांनी आयोना बेटावर स्थापलेल्या मठावर नॉर्स चाच्यांचे हल्ले वाढले, तेव्हा राजा केनेथ मॅकअल्पिन याने इ. स. ८४९ च्या सुमारास संतांच्या अस्थींचा काही भाग येथे आणविला आणि काही काळ हे गाव राज्याचे धर्मकेंद्र बनले. पुढे येथील मठाधिपती क्रिनन हा राजा डंकनचा पिता. हा डंकन म्हणजे शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला डंकन. वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे ही कथा मराठी रसिकांच्या परिचयाची आहे. चालत येणारे ते अरण्यही येथलेच. बर्नमच्या नदीकाठी टेकूंचा आधार घेऊन एक पुरातन ओक वृक्ष उभा आहे. त्या अरण्याचा तो अखेरचा अवशेष, असे गावकरी अभिमानाने सांगतात. नाटकातला राजा मात्र वृद्ध आहे आणि इतिहासातला डंकन बराच तरुण होता.

आज दिसणारे कॅथीड्रल १२६० ते १५०१ या अडीचशे वर्षांत टप्प्याटप्प्याने उभे राहिले. १५६० च्या धर्मसुधारणेत त्याचे छप्पर गेले. पुढे पूर्वेकडील अर्ध्या भागावर पुन्हा छप्पर घातले गेले आणि तेथे आजही दर रविवारी उपासना होते. पश्चिमेकडील अर्धा भाग उघडाच आहे. खांब, कमानी, खाली हिरवळ आणि वर आभाळ. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये आता बिशप नाहीत, त्यामुळे 'कॅथीड्रल' हे केवळ जुने नाव उरले आहे. आत चिलखत घातलेल्या एका सरदाराची दगडी प्रतिमा आडवी आहे. १३९० साली एल्गिनचे कॅथीड्रल जाळणाऱ्या 'बेडनॉकच्या लांडग्या'ची ही समाधी. ज्याने एक कॅथीड्रल जाळले, त्याला दुसऱ्यात विसावा मिळाला. जवळच ब्लॅक वॉच या पलटणीचे संगमरवरी स्मारक आहे. १८५७ च्या उठावात ही पलटण लखनौपर्यंत लढली होती. त्या स्मारकापुढे भारतीय माणसाची पावले जरा निराळ्या कारणाने थबकतात.

२१ ऑगस्ट १६८९ हा या गावाच्या आयुष्यातील सर्वांत भीषण दिवस. पदच्युत राजा जेम्सच्या बाजूचे हजारो डोंगरी सैनिक गावावर चालून आले. सरकारची कॅमेरोनियन पलटण जेमतेम बाराशेची आणि तिचा सेनानी विल्यम क्लेलँड अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा. तो लढाईच्या आरंभीच पडला. लढाई गल्लीबोळांत, घराघरांतून झाली आणि घरांत दबा धरलेल्या शत्रूंसह घरे पेटवून देण्यात आली. हल्लेखोर माघारी फिरले, तेव्हा गावात तीनच घरे शाबूत होती. कॅथीड्रलच्या पूर्व भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात.

त्या राखेवर पुन्हा उभी राहिलेली चुनखडीने रंगविलेली छोटी घरे हीच आज डंकेल्डची ओळख आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीही पडायला आली होती. १९५० च्या दशकात स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टने आणि स्थानिक प्रशासनाने ती दुरुस्त करून पुन्हा राहती केली. त्यांचे संग्रहालय केले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सायंकाळी त्या खिडक्यांतून दिवे लागतात, कुणाच्या स्वयंपाकाचा वास येतो. चौकातील एका घराच्या भिंतीवर लोखंडी 'एल' बसविलेला आहे. कापड मोजण्याचे हे जुने स्कॉटिश माप, सदतीस इंचांचे.

माझी मावसबहीण, जिला आम्ही सारी भावंडे आक्का म्हणतो, गेली पंचवीस वर्षे बर्नमला राहते. वय बहात्तर. यजमान गेल्यापासून ती एकटीच आहे. मुलगा लंडनला असतो. "मावशी, तू डॉक्टर आहेस. एकदा येऊन पाहा आणि आईला लंडनला यायला सांग," असा त्याचा फोन आला, आणि ऑक्टोबरात मी दोन आठवडे तेथे राहून आले. म्हणून पुढे जे लिहिते आहे, ते प्रवाशाच्या नजरेपेक्षा तपासणाऱ्याच्या नजरेने पाहिलेले आहे.

आक्काचा दिवस पुलावरून सुरू होतो. टॉमस टेलफर्ड या विख्यात अभियंत्याने बांधलेला हा दगडी कमानींचा पूल १८०९ मध्ये खुला झाला. १८५६ मध्ये रेल्वे आली ती बर्नमच्या बाजूला, आणि डंकेल्डकरांना गाडी गाठण्यासाठीही पुलाचा टोल भरावा लागू लागला. १८६८ मध्ये लोकांनी टोलविरोधात दंगे केले, आणि अखेर १८७९ मध्ये टोल उठला. आता आक्का पिशवी घेऊन रोज फुकट पलीकडे जाते. पाव, दूध, औषधे आणि गप्पा यांसाठी जाऊन-येऊन सुमारे दोन किलोमीटर चालणे होते. मी तिच्या मागून तिची चाल पाहत होते. पावले नीट उचलली जात होती, वळताना तोल जात नव्हता, पण मधल्या कठड्याशी ती दोनदा थांबली. "दम लागतो का गं?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "दम नाही गं, नदी बघते." रक्तदाब, नाडी आणि फुप्फुसे तपासल्यावर मला तिचे म्हणणे पटले. टे ही स्कॉटलंडमधील सर्वांत लांब नदी. पाऊस झाल्यावर पुलाखालचे तिचे काळसर, वेगवान पाणी पाहण्याजोगे असते खरे.

नदीत सामन मासा आहे. येथून काही मैल खाली, १९२२ च्या ऑक्टोबरात जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने गळाने चौसष्ट पौंडांचा सामन पकडला. ब्रिटनमधील तो विक्रम आजवर मोडलेला नाही. तो मासा अखेर पर्थच्या रुग्णालयात रुग्णांच्या ताटात गेला. हे ऐकल्यावर त्या विक्रमाविषयी माझा आदर दुणावला.

डंकेल्डशी आणखी एका आजारपणाची कथा जोडलेली आहे. बीट्रिक्स पॉटर या चित्रकार-लेखिकेच्या लहानपणीच्या अनेक सुट्ट्या या परिसरात गेल्या. ४ सप्टेंबर १८९३ रोजी तिने येथून आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला पत्र लिहिले. काय लिहावे हे सुचेना, म्हणून चित्रे काढून चार सशांची गोष्ट सांगितली. पीटर रॅबिटचा जन्म असा अंथरुणावरच्या पाच वर्षांच्या मुलासाठी झाला. त्याच दिवसांत चार्ल्स मॅकिंटॉश हा येथला पोस्टमन तिला भेटला. लाकूड गिरणीतील अपघातात त्याने एका हाताची बोटे गमावली होती. मग त्याने टपालाची नोकरी धरली आणि रोज मैलोन् मैल चालता चालता शेवाळे, नेचे व अळंबी यांचा असा अभ्यास केला की, वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचा सल्ला घेऊ लागले. पॉटरबाईंना तो अळंबीचे नमुने टपालाने पाठवी. तो त्र्याऐंशीच्या घरापर्यंत जगला. केवळ चालण्यामुळे, असे मी म्हणणार नाही, परंतु अपंगत्वानंतर हाताचे काम सुटलेल्या माणसाने पायांचे काम शोधले, हे पुनर्वसनाचे उदाहरण मी माझ्या रुग्णांना आता सांगते.

कॅथीड्रलच्या अंगणात १७३८ साली आल्प्सच्या टिरोल भागातून आणलेल्या लार्च रोपांपैकी एक झाड अजून उभे आहे. अ‍ॅथॉलच्या ड्यूक घराण्याने पुढे याच्या बियांतून डोंगरच्या डोंगर झाडांनी भरले. लार्च सूचिपर्णी असूनही पानगळीचा आहे. ऑक्टोबराच्या अखेरीस सबंध उतार सोनेरी होतो. या रानवाटांवर हिंडताना एक काळजी मात्र घ्यावी लागते. येथल्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम हा आजार होऊ शकतो. फिरून आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत पाहावे. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढून काढावी. पुढील काही आठवड्यांत गोलाकार पसरणारा लाल चट्टा उठल्यास विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. मुलांकडे येथे येणाऱ्या आई-वडिलांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट उन्हाची. डिसेंबरात येथे पावणेनऊच्या सुमारास उजाडते आणि साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही. हिवाळ्यात सर्वांनी आणि सावळ्या वर्णाच्या माणसांनी वर्षभर रोज दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा तेथील आरोग्यखात्याचा सल्ला आहे. आक्काने गोळ्यांची बाटली चहाच्या डब्याशेजारी ठेवली आहे. ही जागा उत्तम, कारण चहा ती विसरत नाही.

वैद्यकीय सोयीच्या दृष्टीने पर्थशायरच्या या डोंगराळ भागाला एक मानाचे स्थान आहे. येथल्या गरीब, विखुरलेल्या वस्त्यांना डॉक्टर परवडत नाही, हे १९१२ च्या ड्यूअर समितीने नोंदविले आणि पुढच्याच वर्षी सरकारने 'हायलँड्स अँड आयलंड्स मेडिकल सर्व्हिस' सुरू केली. अंतर कितीही असो, रुग्णाने ठरावीक अल्प शुल्क द्यायचे आणि डॉक्टरच्या प्रवासाचा भार सरकारने सोसायचा. ब्रिटनची सार्वत्रिक आरोग्यसेवा १९४८ मध्ये आली. तिच्या पस्तीस वर्षे आधी हे घडले होते. आज स्कॉटलंडमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मोफत मिळतात, साठीनंतर बसप्रवास मोफत असतो, आणि ज्येष्ठांना गरज ठरल्यास आंघोळ, कपडे घालणे, जेवण भरविणे अशी वैयक्तिक शुश्रूषा २००२ पासून घरी मोफत दिली जाते. घराची साफसफाई वा खरेदी यात धरलेली नाही. शिवाय गरज ठरते ती स्थानिक परिषदेने मूल्यमापन केल्यावरच. मोठे दुखणे आले तर पर्थ किंवा डंडी गाठावे लागते. बर्फाच्या रात्री पंधरा मैल हे अंतर लहान नाही, आणि आक्काच्या मुलाची काळजी खोटी म्हणता येणार नाही.

मी घर पाहिले. निजण्याची खोली आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद आणि कठडा एकाच बाजूला. रात्री लघवीसाठी अंधारात उठणे होते. गालिच्याची एक कड उचललेली होती. आक्काला सर्वांत मोठा धोका हृदयाचा नाही, पडण्याचा आहे. हिप मोडले, तर डंकेल्ड आणि लंडन यांतील वाद आपोआप संपेल आणि तो तिच्या मनासारखा संपणार नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लंडनला मी कुणाची तरी आई म्हणून राहीन. इथे माझ्या नावाने हाक मारणारी माणसं आहेत." दर आठवड्याला वृद्धांचे एकत्र जेवण असते, तेथे मी तिच्याबरोबर गेले होते. त्या दिवशी आमटी तिने केली होती आणि एका नव्वदीच्या गृहस्थांनी ती तीनदा घेतली. वार्धक्यातील एकटेपणा प्रकृतीला किती पोखरतो, हे मी माझ्या दवाखान्यात रोज पाहते. त्यामुळे तिच्या त्या उत्तराला मी हट्ट म्हणू शकले नाही.

रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही तिघे बसलो. अखेर ठरले ते असे: खाट खालच्या खोलीत आणायची, खाली शौचालय बांधून घ्यायचे, जिन्याला दुसरा कठडा, वाटेत रात्रभर मंद दिवा, गालिचा काढून टाकायचा आणि गळ्यात संकटसूचक बटण. हा हिवाळा आक्का येथेच काढील. मार्चमध्ये पुन्हा बोलायचे. मुलाने हे मान्य केले, पण मनापासून केले असे मला वाटले नाही.

एक काम तिने माझ्या देखत उरकले. आपली बुद्धी चालेनाशी झाल्यास पैशाचे आणि उपचारांचे निर्णय मुलाने घ्यावेत, असे मुखत्यारपत्र. स्कॉटलंडमध्ये अशा पत्रासोबत, देणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो असा वकिलाचा वा डॉक्टरचा दाखला लागतो आणि सरकारी 'पब्लिक गार्डियन'च्या कार्यालयात नोंदणी करावी लागते. हे सारे माणूस शुद्धीत आणि समजत्या मनाचा असतानाच करता येते. आपल्याकडे साधे मुखत्यारपत्र, देणाऱ्याची समज गेली की निरुपयोगी ठरते आणि कुटुंबाला न्यायालयाची पायरी चढावी लागते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे नातेवाईक हे मला नेहमी फार उशिरा विचारतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी आक्का मला लिटल डंकेल्डच्या चर्चच्या अंगणात घेऊन गेली. नील गाऊ हा स्कॉटलंडचा थोर फिडलवादक येथे चिरविश्रांती घेत आहे. १७२७ मध्ये जन्मलेला हा विणकराचा मुलगा ड्यूकांच्या मेजवान्यांत वाजवी आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर, १८०७ मध्ये, शेजारच्या इन्व्हर गावी वारला. दुसऱ्या पत्नीच्या निधनानंतर त्याने रचलेली शोकधून आजही वाजविली जाते. यजमानांच्या अंत्यविधीत गावातील एका शेजाऱ्याने तीच वाजविली होती, असे आक्काने सांगितले. मग तिने घड्याळ पाहिले. पलीकडचे पावाचे दुकान मिटण्यापूर्वी पोचायचे होते आणि पुलावर थांबायला थोडा वेळही हवा होता.