दुसऱ्या बेसवरचा पोरगा

22 मार्च 2024, शुक्रवार

बाल्टिमोर ओरिओल्सने जॅक्सन हॉलिडेला मुख्य संघात घेतलं नाही. तो नॉरफोकला येतोय, आमच्या टाइड्सकडे, म्हणजे त्यांच्याच खालच्या संघात. ऑफिसात बेसबॉल पाहणारे दोघं-तिघं दिवसभर याच गोष्टीवर वाद घालत होते. सराव सामन्यांत पोरगा .300च्या वरच्या सरासरीने खेळला, मग अजून काय करायचं त्याने?

रात्री बाबांचा सांगलीहून फोन आला. त्यांची हयात क्लब क्रिकेटमध्ये अंपायरिंग करण्यात गेली, त्यामुळे कोण संघात आणि कोण बाहेर हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. वीस वर्षांचा मुलगा, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरचा. बाप मॅट हॉलिडे स्वतः मेजर लीगचा मोठा खेळाडू, सात वेळा ऑलस्टार. शाळेच्या शेवटच्या मोसमात पोराने 89 हिट मारून देशातला शालेय विक्रम मोडला. 2022च्या ड्राफ्टमध्ये ओरिओल्सने साऱ्या देशातून पहिला निवडला तो यालाच आणि हातावर 81.9 लाख डॉलर ठेवले. गेल्या वर्षी एकाच मोसमात चार पायऱ्या चढला : डेलमार्वा, अॅबर्डीन, बोवी, नॉरफोक. सरासरी .323.

"मग अडलं कुठे?" बाबा.

अडलं सेकंड बेसवर. हॉलिडे जन्माचा शॉर्टस्टॉप, पण बाल्टिमोरला शॉर्टस्टॉपच्या जागी गनर हेंडरसन आहे, गेल्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा खेळाडू. तेव्हा हॉलिडेने सेकंड बेस शिकावा आणि डावखुऱ्या पिचरांना खेळण्याची सवय करावी, असं संघाचं म्हणणं. मला ते पटतं. ऑफिसात कुणालाच पटलेलं नाही.

29 मार्च, शुक्रवार

मोसम सुरू झाला, पण या आठवड्यात मन खेळाकडे लागेना. मंगळवारी पहाटे बाल्टिमोरचा की ब्रिज जहाजाच्या धडकेने कोसळला, रात्रपाळीवरचे सहा कामगार गेले. तिकडे जाणारी जहाजं आता नॉरफोककडे वळवत आहेत. आमच्या बंदराच्या ऑफिसात कंटेनरच्या याद्या नव्याने मांडण्यात तीन दिवस गेले. एरवी बाल्टिमोरहून आमच्याकडे येतात ते परत धाडलेले खेळाडू.

टाइड्सचं मैदान, हार्बर पार्क, एलिझाबेथ नदीच्या काठाला आहे. ट्राम दारात सोडते. इथे येणारा खेळाडू मेजर लीगपासून एकाच फोनच्या अंतरावर असतो. बाबांना हे विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे रणजीचा संघ राज्याच्या संघटनेचा आणि भारताचा संघ वेगळ्याच लोकांच्या हातात. इथे वरचा आणि खालचा, दोन्ही संघांतल्या पोरांचा करार एकाच मालकाशी. नाव कापलं म्हणजे काम सुटलं असं नाही, गाव बदलतं. पगार मात्र जमीन-अस्मानाचा : मेजर लीगचा किमान वर्षाला 7,40,000 डॉलर, आणि इथे ज्यांचं नाव वरच्या 40 जणांच्या यादीत नाही त्यांचा किमान 35,800. तोही खेळाडूंची संघटना झाली, पहिला करार झाला, तेव्हा गेल्या वर्षीपासून.

10 एप्रिल, बुधवार

बोलावलं! इथे दहाच सामने खेळला, .333च्या सरासरीने. आज बॉस्टनला फेनवे पार्कवर पदार्पण. 1912पासून उभं असलेलं ते मैदान, बाप प्रेक्षकांत, पोरगा सेकंड बेसवर. पाठीवर 7 नंबर. ओरिओल्समध्ये हा नंबर त्यांचे जुने कोच थोरले कॅल रिपकेन यांचा होता. कैक वर्षं तो कुणाला दिला नव्हता, रिपकेन कुटुंबाने होकार दिला तेव्हा कुठे हॉलिडेला मिळाला.

चार वेळा बॅटिंगला आला, हिट एकही नाही. एका ग्राउंडरवर एक धाव मात्र मिळवून दिली. संघ 7-5 जिंकला. तिकडे सकाळ होताच बाबांचा मेसेज आलाच : "भोपळा फोडला का?"

14 एप्रिल, रविवार

फोडला. कॅमडेन यार्ड्सवर, घरच्या लोकांपुढे, मिलवॉकीविरुद्ध सातव्या इनिंगमध्ये एक साधी सिंगल. ओरिओल्स 6-4 जिंकले. पहिल्या बेसवर पोचल्यावर त्याचे खांदे खाली आलेले टीव्हीवर स्पष्ट दिसले. चार दिवस ते कानाला लागलेले होते.

26 एप्रिल, शुक्रवार

परत पाठवला. 34 वेळा बॅटिंग, हिट 2, स्ट्राइकआउट 18. सरासरी .059.

आज ज्याच्या त्याच्या तोंडी हाच आकडा. मला त्या अठरा स्ट्राइकआउटांचं जास्त वाईट वाटलं, कारण त्यातले बरेच मी पाहिले. छातीच्या उंचीवरचा वेगवान चेंडू आला की बॅट त्याच्या खालून जायची. मेजर लीगच्या पिचरांना नवख्याची खोड कळायला दोन दिवस पुरतात. एकदा कळली की सगळे तिथेच मारा करतात आणि खोड मोडेपर्यंत थांबत नाहीत. इथे ट्रिपल-ए मध्ये, मेजर लीगच्या एक पायरी खाली, असा पिचर आठवड्यातून एखादा भेटतो. तिकडे रोज भेटतो, आणि आठव्या इनिंगला त्याच्याहून वेगवान दुसरा येतो.

बाबा म्हणाले, "एवढ्यात कापतात काय गं? निदान महिनाभर तरी बघायचं." मी त्यांना धाकट्या कॅल रिपकेनची गोष्ट सांगितली. सलग 2,632 सामने खेळलेला माणूस, बाल्टिमोरचं दैवत. 1981 साली वर आला तेव्हा 39 वेळांत त्याचे हिट फक्त पाच, सरासरी .128. पुढच्याच वर्षी तो सर्वोत्तम नवखा ठरला. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याला खाली धाडलं नव्हतं पण." खरं आहे. तो फरक मलाही डाचतो.

20 मे, सोमवार

सोमवारी मायनर लीगला सुट्टी असते, तेव्हा आज सावकाश लिहिते. या महिन्यात एका संध्याकाळी दारं उघडताच आत गेले आणि पहिल्या बेसच्या बाजूला, कुंपणालगत बसले. हॉलिडे दुसऱ्या बेसवर डबल-प्लेचा सराव करत होता.

प्रेक्षकांना ही गोष्ट सोपी वाटते. चेंडू शॉर्टस्टॉपकडे जातो, तो सेकंड बेसवाल्याकडे फेकतो, हा बेसवर पाय टेकवून पहिल्या बेसकडे फेकतो, दोन आऊट. पण जन्मभर शॉर्टस्टॉप खेळलेल्या पोराचं यात सगळं उलटं होतं. शॉर्टस्टॉपला धावणारा समोरून येताना दिसतो आणि त्याचं अंग आपोआप पहिल्या बेसच्या दिशेने जात असतं. सेकंड बेसवाल्याचं तोंड मात्र तिसऱ्या बेसकडे. धावणारा त्याच्या डाव्या खांद्यामागून येतो, घसरत, त्याच्या पायांच्याच रोखाने. न बघता चेंडू घ्यायचा, बेसवरून पाय काढायचा, कमरेतून पूर्ण वळायचं आणि फेकायचं. 2015च्या प्लेऑफमध्ये चेस अटलीच्या घसरण्याने रूबेन तेहादाचा पाय मोडला, त्यानंतर 2016 साली नियम कडक झाला. तरी नडगीवरची भीती नियमाने जात नाही.

कोच हाताने चेंडू टाकत होते. दरवेळी हॉलिडे तेच करत होता : डावा पाय बेसवर, चेंडू ग्लव्हमध्ये आला न आला तोच उजव्या हातात, वळणं, फेकणं. एकदा चेंडू ग्लव्हच्या टाचेवर आपटून पायाशी पडला. त्याने तो उचलला आणि कोचकडे न फेकता स्वतः चालत नेऊन दिला. काहीतरी विचारलं. कोचनी आपला पाय पाऊल-दीड पाऊल मागे घेऊन दाखवला. पुढच्या खेपेला त्याने बेसच्या मागच्या कडेवरून चेंडू घेतला आणि तेवढ्या अंतराने त्याला वळायला मोकळीक मिळाली. मग पुन्हा तेच, पुन्हा तेच. त्याच्या टोपीची कड घामाने काळी पडली होती.

कोट्यधीश पोरगा, नामांकित बापाचा मुलगा, देशातला पहिल्या क्रमांकाचा होतकरू. जवळपास रिकाम्या स्टँडपुढे तो एक पाऊल मागे सरकायला शिकत होता. मला हा खेळ आवडतो तो यासाठी. वर्तमानपत्रांत येतील त्या 10 एप्रिल आणि पुढे कधीतरी तो वर जाईल ती, अशा दोनच तारखा. घडणं चाललंय ते इथे, आणि ते पाहायला मिळतंय याचं मला मनापासून अप्रूप आहे.

8 जुलै, सोमवार

त्याचं उजवं कोपर दुखावलंय, म्हणून फील्डिंग थांबवली आहे. नुसता बॅटिंगला येतो. एवढं घोटवलेलं वळण ऐन वेळी बाजूला ठेवावं लागलं.

बॅटिंग मात्र शहाण्यासारखी चालली आहे, न आवडलेला चेंडू सोडून देतो, भरपूर वॉक घेतो. तरी याबद्दल मला एक शंका आहे. ट्रिपल-ए मध्ये स्ट्राइक की बॉल हे ठरवण्यात कॅमेऱ्यांचा हात असतो. जूनच्या अखेरीपर्यंत आठवड्यातले पहिले तीन सामने पूर्ण यंत्रावर असायचे, आता सगळीकडे अंपायर निर्णय देतो आणि खेळाडू डोक्याला हात लावून त्याला आव्हान देतो. यंत्राची चौकट माणसाच्या डोळ्यापेक्षा आखूड. कडेचा जो चेंडू नॉरफोकला बॉल ठरतो, तोच बाल्टिमोरला स्ट्राइक. म्हणजे इथे ज्या संयमाचं फळ मिळतं, तिथे त्याचीच शिक्षा होऊ शकते. वर गेलेली पोरं पहिल्या महिन्यात गोंधळतात त्याचं हेही एक कारण असावं, असं मला वाटतं. बाबा तीस वर्षं पांढऱ्या कोटात उभे राहिलेले, त्यांना हे सांगितलं तर ते उसळलेच : "अंपायरचा डोळा हासुद्धा खेळाचा भाग आहे. पोरांना तो खेळायला शिकवा."

30 जुलै, मंगळवार

आज खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपली. कॉनर नॉर्बी मायामीला गेला. तोही सेकंड बेसचाच, आणि इथे वर्षभर हॉलिडेच्या बरोबरीने घाम गाळणारा. बदल्यात ओरिओल्सला पिचर ट्रेव्हर रॉजर्स मिळाला. मायामीत नॉर्बीला रोज खेळायला मिळेल, त्याच्यासाठी चांगलंच झालं. आणि हॉलिडेची वाट मोकळी झाली, हे न सांगता सगळ्यांना कळलं.

31 जुलै, बुधवार

वर गेला, आणि काय गेला! कॅमडेन यार्ड्सवर टोरोंटोविरुद्ध पाचवी इनिंग, तिन्ही बेस भरलेले. हॉलिडेने चेंडू उजव्या बाजूच्या स्टँडवरून थेट युटॉ स्ट्रीटवर टाकला, 439 फूट. मेजर लीगमधला त्याचा पहिला होमरन आणि तोच ग्रँड स्लॅम. ओरिओल्सकडून ग्रँड स्लॅम मारणारा आजवरचा सर्वांत लहान खेळाडू. सामना 10-4.

याच सामन्यात जॉर्डन वेस्टबर्गच्या हातावर चेंडू आदळला आणि हाड मोडलं. इन्फिल्डमधला भरवशाचा माणूस, ऑलस्टार, आता कित्येक आठवडे बाहेर. एका संध्याकाळी एक पोरगा उभा राहिला आणि दुसरा आडवा झाला. टाळ्या वाजवताना हे डोक्यातून जाईना.

बाबांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी चेंडूबद्दल चकार शब्द काढला नाही. "बेसच्या मागच्या कडेवरून घेतो का आता?" एवढंच विचारलं. मी मे महिन्यात सांगितलेलं त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं. अजून तशी वेळ आली नाही, आली की कळवते म्हटलं.

19 ऑगस्ट, सोमवार

हॉलिडेचे आणखी होमरन आले. त्याच सुमारास कोबी मेयोलाही वर नेलं होतं, आमचा थर्ड बेसचा उंचापुरा पोरगा, इथे सगळ्यांचा लाडका. 17 वेळांत हिट एक. परत आला. वर्तमानपत्रात त्याच्यावर दोन ओळी. एप्रिलमध्ये हॉलिडेच्या .059वर लेखच्या लेख पडले होते. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू पडला तर बातमी होते. मेयोसारख्यांचं पडणं त्यांचे घरचे आणि हार्बर पार्कला येणारे आम्ही, एवढ्यांनाच कळतं. म्हणून त्यालाही बघायला जायचं ठरवलंय, हॉलिडेला जायची तसंच, लवकर, कुंपणालगत.

30 सप्टेंबर, सोमवार

काल साखळी सामने संपले. हॉलिडे : 60 सामने, .189, होमरन 5. ऑगस्टची भरती सप्टेंबरात ओसरली. उंच वेगवान चेंडू अजून चुकतो. पण या खेपेला त्याला कुणी परत पाठवलं नाही, आणि डबल-प्ले तो आता मान न वळवता करतो. बाबांना कळवलं.

ओरिओल्स 91 सामने जिंकून प्लेऑफमध्ये आहेत. उद्या समोर कॅन्सस सिटी, आणि त्यांचा शॉर्टस्टॉप बॉबी विट ज्युनियर. तोही मेजर लीगच्या खेळाडूचा मुलगा, बाप पिचर, 2019च्या ड्राफ्टमध्ये दुसरा आलेला. त्या वर्षी पहिला आला तो आमचाच कॅचर अॅडली रचमन. विटने 2021चं अख्खं वर्ष डबल-ए आणि ट्रिपल-ए मध्ये काढलं, 2022 साली वर आला आणि यंदा .332च्या सरासरीने लीगमध्ये पहिला आला. हॉलिडेहून साडेतीन वर्षांनी मोठा आहे तो. उद्या मी हॉलिडेचे पाय पाहणार आहे, चेंडू येण्याआधी तो कुठे उभा असतो ते. सामना दुपारी चारला आहे, ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.