चौकटीत मावणारी फुले

चैत्र लागला की रविवारी सकाळी मी घरी सापडत नाही. मी भायखळ्याला राणीच्या बागेत असते. तिचे आताचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण १८६२ साली लोकांना खुली झालेली ही बाग मुंबईकराच्या तोंडी अजून राणीचीच आहे. मंडळी जातात पेंग्विन पाहायला. मी झाडाखाली मान वर करून उभी. यंदा एक बाई आपल्या मुलाला ओढीत म्हणाल्या, "चल रे, तिकडे काही नाही."

त्या 'काही नाही'मध्ये उर्वशी होती! हे झाड मूळ ब्रह्मदेशातले. १८२३ ते १८२८ या काळात गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड ॲमहर्स्ट यांच्या पत्नीचे आणि कन्येचे नाव शास्त्रज्ञांनी त्याला दिले. आपल्याकडच्या कुणा रसिकाने त्याला उर्वशी म्हटले, आणि मराठीच्या प्राध्यापिकेला विचाराल तर नाव शोभते ते हेच. तांबडे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, पाकळीवर पिवळा ठिपका. फोटो खालून काढावा तर मागचे पांढरे आभाळ फुलाला काळे करून टाकते. म्हणून उन्हे चढायच्या आत जायचे आणि फुलामागे पानांची सावली येईल अशी जागा धरायची. कैलासपतीचे बरे, तो आपली फुले थेट खोडावर, तुमच्या आमच्या नाकासमोर मांडतो. आहे दक्षिण अमेरिकेतला, पण फुलातला केसरांचा फणा पाहून आपण त्याला महादेवाच्या घरात घेतला.

एवढी यातायात मी करते ती अण्णांसाठी. माझ्या वडिलांना काचबिंदू आहे. नजर कडेकडून आत सरकत आली, मधला रुपयाएवढा तुकडा उरला. गेल्या वर्षी त्यांना बागेत नेले. उर्वशीखाली उभे राहून त्यांना थोडे खोड दिसले, मग एक पान दिसले. झाड दिसले नाही. पण फोनच्या चौकटीत एकच फूल धरले तर ते त्यांना पुरते दिसते. तेव्हापासून मी अख्खे झाड टिपत नाही.

आमच्या लहानपणी अण्णांच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचे रीळ असे. याच बागेत ते आम्हा भावंडांना रांगेने उभे करीत. फुलांचा हट्ट धरला तर म्हणत, "फुलांवर रीळ घालवायचं नसतं. फुलं पुढच्या वर्षी येतात, पोरं लहान राहत नाहीत." आता मी एका सकाळी दोनशे फोटो आणते आणि तेच अण्णा एकही सोडू देत नाहीत. सीतेच्या अशोकाच्या एका गुच्छात नारिंगी फुले नवी आणि लाल झालेली जुनी, हे त्यांनीच मला दाखवले.

बहाव्याचा घोस मात्र हातभर लांब. एका फोटोत घेतला तर त्यांना त्याचा नुसता पिवळा धूर दिसतो. वैशाखात मी तो वरून खाली तुकड्यातुकड्याने टिपला. तेरा फोटो झाले. अण्णा एकेक सरकवीत गेले. नवव्या फोटोशी बोट थांबले.

"वरची फुलं आधी उमलतात," ते म्हणाले. "म्हणजे आता कळ्या येणार."

पुढच्या फोटोत कळ्याच होत्या.