होडीत राजकारण नको?

(द्वितीय वर्ष, कला)

खेळात राजकारण नको, कलेत राजकारण नको, उत्सवात राजकारण नको आणि कॉलेजात तर नकोच नको, असे आपण सगळेच म्हणत असतो. म्हणणाऱ्याचा स्वर सात्त्विक असतो आणि ऐकणाराही मान डोलावतो. राजकारण म्हणजे जणू चिखलाने भरलेली चप्पल. ती उंबऱ्याबाहेर काढून ठेवली की घर स्वच्छ! मीही हेच मानत होते. पण गेल्या दोन वर्षांत या वाक्याकडे पुन्हा पाहावे असे काही घडले, आणि ते घडले शिडाच्या होड्यांच्या निमित्ताने.

मालाडच्या मालवणीत, दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मुलीचा आणि शिडाच्या होड्यांचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे तो माझ्या वडिलांमुळे. बाबा मूळचे दापोली तालुक्यातले, हर्णैच्या बाजूचे. समुद्र त्यांच्या अंगातच आहे. मुंबईत आल्यावर दोन-चार नोकऱ्या करून ते दक्षिण मुंबईतील एका हौशी नौकाविहार संस्थेत कामाला लागले. मालाडहून पहाटेची चर्चगेट लोकल पकडायची, होड्या पाण्यात उतरवायच्या, डोलकाठी उभी करायची, शिडे चढवायची. साहेब लोक फिरून आले की होड्या ओढून वर घ्यायच्या, गोड्या पाण्याने धुवायच्या, शिडांच्या घड्या घालायच्या. रविवार हा आपल्या सुट्टीचा दिवस. बाबांच्या तो सर्वांत जास्त कामाचा.

हा छंद फार सुंदर आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगते. एकदा डोलकाठीची दुरुस्ती झाल्यावर ती तपासायला बाबा निघाले होते, तेव्हा साहेबांच्या परवानगीने मला सोबत घेतले. जेमतेम पंधरा मिनिटे मी त्या होडीत बसले असेन. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही; शिडात वारा भरतो आणि होडी एका अंगावर कलून पाणी कापू लागते. वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी कधीच जात नाही. समोर जायचे तर आधी तिरके एका बाजूला, मग वळून तिरके दुसऱ्या बाजूला, असे नागमोडी जावे लागते. हे बाबांनी मला एका हाताने सुकाणू धरून दाखवले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की, बाबांना एक विद्या येते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातले सगळे शिक्षण माझ्याच दप्तरात आहे असे मला उगाचच वाटत असे.

गंमत अशी की, आमच्या मालाडच्या किनाऱ्यावर, मढ, भाटी, मार्वे, मनोरी इथे, एकेकाळी कोळ्यांच्या शिडाच्याच होड्या होत्या. पुढे इंजिने आली आणि शिडे उतरली. ज्यांचे पोट शिडावर चालत होते त्यांनी शीड उतरवले, आणि ज्यांना पोटाची चिंता नाही त्यांनी ते हौसेने चढवले! यात कुणाचा दोष नाही. पण शीड ही वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, हे पाहून ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. नौकाविहाराचे दिवस साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, होड्या जमिनीवर. त्या चार महिन्यांत बाबांना आणि त्यांच्या सोबत्यांना पगार नाही. काम मात्र असते. होडीचा तळ खरवडायचा, रंग द्यायचा, दोर बदलायचे. त्याची जी रोजंदारी मिळते ती मोजक्या दिवसांची. उरलेल्या दिवसांत बाबा मालाडच्या बाजारात हमाली करतात. माझी कॉलेजची फी भरायची वेळ नेमकी याच महिन्यांत येते.

गेल्या वर्षी बाबांच्या सोबत्यांनी ठरवले की, पावसाळ्यात निदान अर्धा पगार मिळावा असा अर्ज करायचा. अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी आधी मराठीत लिहिला, मग शब्दकोश घेऊन इंग्रजीत. ‘विनंती’ हा शब्द त्यात चार वेळा होता. ‘मागणी’ हा शब्द बाबांनी खोडायला लावला. उत्तर तोंडीच आले : ही हौशी माणसांची संस्था आहे, इथे लोक चार घटका आनंदासाठी येतात, इथे कृपा करून राजकारण आणू नका.

हे सांगणारे गृहस्थ वाईट नव्हते. त्याच जून महिन्यात त्यांनी बाबांच्या हातात स्वतःच्या खिशातून काही रक्कम ठेवली आणि “मुलीच्या शिक्षणाला” असे म्हणाले. बाबांनी ती कृतज्ञतेने घेतली. मीही कृतज्ञ आहे. पण त्या रात्री मला झोप आली नाही. पैसे तेच, देणारे हात तेच, घेणारेही तेच. खिशातून दिले तर दया, आणि अर्ज करून मागितले तर राजकारण! मग राजकारण म्हणजे नेमके काय?

इतिहासाच्या पुस्तकात शोधू लागले तर दिसले की, समुद्रावर राजकारण नव्हते असा काळच नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात फिरणाऱ्या जहाजांवर आपल्या परवान्याची सक्ती केली. परवाना नसेल तर जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्रे यांनी आपले दस्तक चालू केले आणि समुद्र कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न उलट विचारला. वारा सर्वांचा होता, पण शीड उभारायची मुभा सर्वांना नव्हती.

हौशी नौकाविहाराची कथाही निराळी नाही. मुंबईचा यॉट क्लब १८४६ सालचा. इंग्रजी अमदानीत तेथे हिंदी माणसाला सभासद करून घेत नसत. अशा भिंतींना कंटाळून गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली हिंदी आणि युरोपियन अशा दोघांनाही प्रवेश असलेला विलिंग्डन क्लब निघाला. आता सांगा, दारावरचा तो अदृश्य फलक राजकारण होता की नव्हता? आतल्या माणसांना तो नक्कीच राजकारण वाटत नसेल. त्यांना तो ‘रीत’ वाटत असेल. जो आत बसलेला असतो त्याला दार दिसत नाही. दार दिसते ते बाहेर उभ्या असलेल्याला. आज त्या क्लबचे सभासद भारतीय आहेत, आणि त्याच्या जुन्या इमारतीत १९४९ साली डॉ. होमी भाभांची संशोधन संस्था गेली. ही दारे कुणाच्या हौसेने उघडली नाहीत. देशात फार मोठे राजकारण झाले तेव्हा ती उघडली.

क्रिकेटचे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या जवळचे. पळवणकर बाळू हे त्या काळचे थोर गोलंदाज. १९०६ साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवले त्यात त्यांचा मोठा वाटा होता. मैदानात त्यांच्या हातून चेंडू घ्यायला कुणाची हरकत नव्हती. चहाला मात्र त्यांना वेगळा पेला होता. कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही बऱ्याच वादानंतर. तो वाद करणाऱ्यांनाही ‘खेळात राजकारण नको’ असे कुणीतरी बजावले असेलच ना? उलट, धर्मावर संघ पाडणारी ती पंचरंगी स्पर्धाच नको, असे गांधीजींनी १९४० साली म्हटले आणि १९४६ नंतर ती बंद झाली. म्हणजे राजकारणाने खेळ नासतो हेही खरे आणि नासलेला खेळ राजकारणानेच सुधारतो हेही खरे!

१९७४ साली भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला होता. समोर वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती. आपण खेळायला नकार दिला आणि चषक सोडला. त्या टेनिसपटूंना किती वाईट वाटले असेल! तरीही तो नकार आज आपल्याला अभिमानाचा वाटतो. पण १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अनेक पाश्चात्त्य देशांनी बहिष्कार टाकला, आणि टॅलिन येथे झालेल्या नौकानयनाच्या शर्यतींना कितीतरी चांगले खेळाडू मुकले. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ साली रशियाच्या नौकापटूंना जागतिक स्पर्धांतून वगळण्यात आले. यातले कोणते बरोबर आणि कोणते चूक, याचे एकच उत्तर माझ्यापाशी नाही. एवढेच कळते की, प्रत्येक वेळी कोणी तरी किंमत मोजली, आणि ती बहुधा होडीत बसलेल्याने मोजली.

राजकारणाच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचे म्हणणे मला कळत नाही असे नाही. आमच्या गल्लीतल्या मुलांचा क्रिकेटचा एक संघ होता. निवडणुकीच्या आधी एका इच्छुकाने त्यांना टी-शर्ट दिले, मग दुसऱ्याने दुसऱ्या रंगाचे दिले. महिनाभरात एका संघाचे दोन झाले आणि बॅट कुणाची यावरून डोकी फुटली. निवडणूक संपली, टी-शर्टांचा रंग गेला, संघ काही पुन्हा जुळला नाही. तेव्हा पक्षाचे निशाण होडीवर लावू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. दोन मते असलेली माणसे एका होडीत बसून एकच दोर ओढतात, ही छंदाची मोठी देणगी आहे. ती मोडू नये.

पण पक्ष आणि न्याय या दोन गोष्टींना आपण एकच नाव दिले आहे, तिथे घोटाळा होतो. २०२५ साली गेटवे ऑफ इंडियाजवळ नव्या प्रवासी जेट्टीचे काम निघाले तेव्हा कुलाब्याच्या रहिवाशांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. तो त्यांचा नागरिक म्हणून हक्क होता. वरळीच्या कोळ्यांनी, सागरी रस्त्याच्या पुलाखालून आमच्या होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून खांबांतील अंतर वाढवा, असा आग्रह वर्षानुवर्षे धरला. आधी ६० मीटर ठरलेले अंतर डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. तेही त्यांचा हक्कच मागत होते. किनारा कुणाचा, वाट कुणाची, पगार कुणाचा, हे प्रश्न विचारले की समुद्राची शोभा कमी होते असे मला वाटत नाही.

आणि ज्याला आपण नुसती हौस म्हणतो, तिच्यामागेही धोरण असते. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूर या मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या मुलीने नौकानयनात रौप्यपदक मिळवले. तिचे वडील शेतकरी. देवासला समुद्र नाही. पण भोपाळच्या तलावावर नौकानयनाची शाळा आहे. त्या शाळेत तिला होडी मिळाली. ही शाळा काढावी, खेड्यातल्या मुलींना तिथे घ्यावे, हे कुणीतरी सभेत बसून ठरवले असणार. त्याला राजकारण म्हणायचे नसेल तर दुसरा शब्द शोधावा लागेल. आमच्या मालाडला समुद्र आहे, खाडी आहे, वारा आहे, वर्गात बाबांसारख्या खलाशांच्या मुली आहेत. नाही ती फक्त होडी.

शेवटी एक गोष्ट सांगते, जी मला बाबांकडूनच कळली. शिडाच्या शर्यतीला कडक नियम असतात. दोन होड्या समोरासमोर आल्या तर उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीला आधी वाट द्यायची. मग ती होडी कुणाची का असेना. आणि एखाद्याला वाटले की समोरच्याने नियम मोडला, आपल्यावर अन्याय झाला, तर त्याने “हरकत” असे ओरडायचे आणि मोठ्या होडीवर लाल निशाण लावायचे. शर्यत संपली की एक समिती बसते, दोन्ही बाजू ऐकते आणि निर्णय देते. हरकत घेणाऱ्याला कुणी भांडखोर म्हणत नाही. खेळ बिघडला असेही कुणी म्हणत नाही. उलट, हरकत घेता येते म्हणूनच तो खेळ सभ्य माणसांचा मानला जातो.

हे ऐकले तेव्हा मी बाबांना म्हटले, “मग तुमचा अर्ज म्हणजे दुसरे काय? लाल निशाणच की.” बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, “निशाण होडीत बसलेल्याला असतं बाळा. आम्ही किनाऱ्यावरचे.”

या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण राज्यशास्त्र हा विषय मी का घेतला असे कुणी विचारले की, मला हेच वाक्य आठवते. यंदा पावसाळ्यापूर्वी अर्ज पुन्हा द्यायचा, असे बाबांच्या सोबत्यांचे ठरले आहे. लिहायचा मीच आहे. ‘मागणी’ हा शब्द या वेळी खोडायचा नाही, एवढे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.