श्रीमती फिलिपाईन्सकर, मु. पो. नागझिरा

वीस वर्षे बँकेत कारकुनी केली की माणसाला जगात दोनच प्रकारचे जीव दिसू लागतात : कागदपत्रे पूर्ण असलेले आणि नसलेले. मी कॉमर्सचा पदवीधर. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या वहीतल्या बेडकाच्या आकृतीपुरता. तरीही आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या एका रहिवाशाची कागदपत्रे अलीकडे वाचनात आली, आणि वाटले, ही बाई आमच्या काउंटरवर आली असती तर तिचे खाते या जन्मी उघडले नसते.

ही बाई म्हणजे मोठी उडती खार. मुक्काम नागझिरा-नवेगावचे जंगल. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर, आणि त्यातली निम्मी शेपूटच. तरी तिला पाहिलेला माणूस विरळा. कारण पर्यटक वाघामागे धावतात दिवसा, आणि हिची नोकरी कायम रात्रपाळीची!

आता नाव बघा. शास्त्रीय नाव पेटॉरिस्टा फिलिपेन्सिस. पेटॉरिस्टा म्हणजे चक्क डोंबारी. इथवर ठीक. पण फिलिपेन्सिस? फिलिपाईन्समध्ये ही खार नाहीच! १८३९ साली वॉल्टर इलियट या मद्रासच्या मुलकी अधिकाऱ्याने सस्तन प्राण्यांची एक यादी छापली, तिच्यात हे नाव आले. यादी कुठली? तर दक्षिण मराठा मुलखातली! म्हणजे यादी मराठा मुलखाची आणि आडनाव फिलिपाईन्सकर. पुढे बरीच वर्षे काही तज्ज्ञ तिला तांबड्या उडत्या खारीची पोटजात मानत. मग तिचे स्वतंत्र खाते झाले. पत्ता मात्र तोच राहिला.

बरे, ‘उडती’ हेही खरे नाही. सस्तन प्राण्यांत खरे उडते ते फक्त वटवाघूळ. ही पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंतचे कातडे छत्रीसारखे ताणते, उंच झाडावरून झेप घेते, शेपटीने तोल सांभाळते आणि तरंगत दुसऱ्या झाडाच्या बुंध्यावर बरीच खाली उतरते. मग पुन्हा वर चढू लागते. आमच्यात याला बढतीवर बदली म्हणतात.

राहता राहिली जात. समोरचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून ती कुरतडणाऱ्यांच्या गणात. आमच्या रेकॉर्ड रूममधले उंदीर तिचे दूरचे भाऊबंद, तर अंगणातली पट्ट्यांची खार आणि राज्यप्राणी शेकरू अगदी कुळातले. ससाही पूर्वी याच खात्यात होता. १९१२ साली त्याची वेगळ्या गणात बदली झाली. सशाला आदेश पोचला की नाही, कळायला मार्ग नाही. गवत तो पूर्वीसारखेच खातो.

म्हणजे नाव चुकले, पत्ता चुकला, विशेषण चुकले, तरी खारीचे काही बिघडले नाही. बिघडते ते वेगळ्याच रकान्यात. तिला घर बांधता येत नाही. जुन्या झाडाची ढोली हेच तिचे घर, आणि पिल्लू एका वेळी बहुधा एकच. सरळसोट सागाला भाव असतो. पोकळ झाड लाकडाच्या हिशेबात बुडीत कर्ज! शिवाय झेपेचा पल्ला झाडाच्या उंचीवर ठरतो. नागझिरा आणि नवेगाव २०१३ साली कागदावर एक व्याघ्रप्रकल्प झाले खरे, पण दोहोंच्या मधून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. झाडांमधले अंतर झेपेपेक्षा वाढले की डोंबारणीला दोर संपल्यावर उतरावे लागते तसे जमिनीवर उतरावे लागते. आणि जमिनीवर ती पार अवघडून जाते.

मोहाच्या जुन्या झाडांशी या खारीचे चांगले जमते. राजस्थानातले सीतामाता अभयारण्य तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. आमच्या काउंटरवर पीककर्जाला आलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारले, “बाबाजी, बांधावरचा पोकळ मोह अजून ठेवला कशाला?”

“फुलं देते ना जी दरसाली,” तो म्हणाला. “पोकळ झाला म्हनून बापाले घराबाहेर काढतेत का?”

मूल्यांकनाच्या अर्जात या उत्तरासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहून ठेवले.