सालन म्हणा, रस्सा म्हणा

सावजी चिकन ही नागपूरची ओळख, असे बाहेरचे लोक म्हणतात. पण नागपुरातले बरेच मुसलमान सावजी भोजनालयात जेवत नाहीत. कारण साधे आहे, कोंबडी हलाल आहे की नाही याची खात्री नसते. मोमिनपुऱ्यात वाढलेल्या मला ही चव कितीतरी वर्षे फक्त वासाने माहीत होती. गोळीबार चौकातून सायकलने येताना मसाला भाजल्याचा वास आला की पॅडल आपोआप हळू व्हायचे.

सावजी म्हणजे मुळात हलबा कोष्ट्यांचे जेवण. कोष्टी विणकर आणि उत्तरेतून येऊन इथे स्थायिक झालेले मोमीनही विणकरच. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे पॉवरलूम आले, आणि दोघांच्याही घरातले हातमाग बंद पडत गेले. वस्त्या पायी जाण्याच्या अंतरावर, धंदा एक, हाल एक. पंगत मात्र माझ्या आठवणीत कधी एक झाली नाही.

मग मी स्वतःच शिकलो. शाळेतल्या एका कोष्टी सहकाऱ्याच्या आईने तोंडी सांगितले, मी उर्दूत लिहून घेतले. धणे, खसखस, सुके खोबरे, काळी मिरी, लवंग, जायपत्री, मोठी वेलची आणि दगडफूल. तेल जवसाचे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि पाट्यावर वाटायचा. मिक्सरमध्ये खसखस हवी तशी मऊ होत नाही, असे माझे मत. घरात ते कुणाला मान्य नाही.

चूल गच्चीवर, विटांची. लाकूड टालावरचे, बाभळीचे. पेटवायला लकडगंजातल्या आरा मशीनवरच्या सागाच्या ढलप्या. प्लायवूडचे तुकडे फुकट मिळतात, पण घेऊ नयेत, त्यातल्या गोंदाचा धूर वाईट. पातेल्याला बाहेरून ओली माती चोपडली की काजळी सहज धुतली जाते. गॅसचे बटण फिरवून माणूस टीव्हीसमोर जाऊ शकतो. चुलीपाशी बसावेच लागते, लाकूड आत सारत, बाहेर ओढत. मसाला परतताना जाळ, कोंबडी शिजताना नुसते निखारे. घाई केली तर तर्री वर येत नाही, आणि गावरान कोंबडी तर कुणाची घाई ऐकतच नाही.

माझे मित्र मुशायऱ्यात शेर म्हणतात. मला दोन ओळी जुळवता येत नाहीत. सकाळी मराठी शिकवतो, दुपारी उर्दू, आणि दोन्हीकडे कुणीतरी विचारतेच, "सर, तुम्ही नेमके कुठले?" माझे जे काही म्हणणे आहे ते या पातेल्यात असते. कोंबडी हलाल, मसाला कोष्ट्यांचा. अम्मी त्याला सालन म्हणते, सहकारी रस्सा.

मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार सर्टिफिकेशन' जाहीर केले. त्याच महिन्यात, १७ तारखेला, महालात दंगल उसळली. लकडगंज, पाचपावलीसह अनेक भागांत संचारबंदी लागली. रमजान चालू होता. संध्याकाळी गल्लीत चिटपाखरू नसायचे, आणि सहकाऱ्याला फोन करावा की नाही, हे मला ठरवता येत नव्हते.

संचारबंदी उठल्यावर त्याचाच फोन आला. "सर, चूल पेटवता का?"

इफ्तारला आला तो हातात स्टीलचा डबा घेऊन. आईने ताजा मसाला कुटून पाठवला होता. "या वेळी दगडफूल जास्त घातलंय म्हणाली. तुमच्यात कमी पडतं."