तीन नंबरची डझनभर

कांकालच्या बंदरावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. ब्रिटनीच्या या भागात भरती-ओहोटीतला फरक 14 मीटरपर्यंत जातो. समुद्र पार मागे सरकलेला, कालवांच्या शेतीच्या रांगा उघड्या पडलेल्या, आणि पलीकडे धुरकट मों सॅं मिशेल.

टपरीवर तीन नंबरची डझनभर कालवं घेतली. इथे नंबर जितका मोठा, तितकं कालव लहान. बाईंनी समोरच फोडून, लिंबू ठेवून ताट हातात दिलं. धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून खायचं आणि शिंपले खाली टाकायचे, ही इथली रीत. खाली शिंपल्यांचा पांढरा खच. शेजारचं म्हातारं जोडपं वाइन घेत निवांत बसलेलं. मी सहा कालवं सहा मिनिटांत संपवली. ऑफिसात स्क्रीनसमोर डबा संपवायची सवय.

मग आईला व्हिडिओ कॉल लावला.

"कच्चीच खातंस?" ती ओरडलीच.

मालवणजवळच्या आमच्या गावात ओहोटीला खडकावर वाकून ती कालवं काढायची. बोटं कापायची. घरी आल्यावर सुकं करून आम्हाला वाढायची आणि स्वतः शेवटी बसायची. तोवर मी हात धुऊन उठलेला असायचो. तिच्या ताटात किती उरायची, मी कधी पाहिलंच नाही.

तिकडे साडेचार झाले होते. फोन ठेवू नकोस म्हटलं, चहा घेऊन ये. तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि समोर बसली.

उरलेल्या सहा कालवांना पाऊण तास लागला. पाणी धक्क्याकडे परत येऊ लागलं होतं.